मातेरित्सेची निरगाठ

मातेरित्सेच्या सकाळी आईने झोपेचं सोंग घ्यायचं असतं. दोब्रिंका चौसष्ट वर्षांची झाली होती, तरी सोंग घेऊन बसली होती. चुलीजवळची लाकडी खुर्ची, मान एका बाजूला टाकलेली, हात पोटावर. घोरण्याचा आवाज काढणं तिला कधीच जमलं नाही, म्हणून ती नुसते मोठमोठे श्वास सोडत होती. शेजारच्या फळीवर परात तयार होती. अक्रोड, सुकवलेले आलुबुखार, पाच नातवंडांसाठी लोकरीच्या पायमोज्यांचे पाच जोड. नाताळाआधीचा उपास चालू असल्यामुळे गोडाच्या वड्याही दूध-अंड्याशिवायच्या केल्या होत्या.

खाली वळणावर गाडी थांबल्याचं तिने ऐकलं होतं. पण पोरांचा कालवा नाही, बर्फावर धावणारी पावलं नाहीत, दाराशी दबकं खिदळणं नाही. दार उघडलं आणि दोन जड बुटांचे जोड आत आले.

म्हणजे रादेन्को आणि मिलोये, तिचे दोन मुलगे. नुसतेच? मग पोरं कुठे ठेवली या दोघांनी?

तिने डोळे मिटूनच ठेवले. सण तो सण. पायाशी कुणीतरी बसलं, घोट्यांभोवती दोरी फिरली. एक वेढा, दोन वेढे, तिसरा खुर्चीच्या पायाभोवती. आणि ही दोरी पोरं आणतात ती लोकरीची लाल दोरी नव्हती. गवताचे भारे बांधायची काथ्याची दोरी होती, मोज्यातूनही टोचत होती. पोरं सुरगाठ मारतात, ओढली की सुटते. यांनी निरगाठ मारली.

"झालं का रे बांधून?" दोब्रिंकाने डोळे उघडले. "मी काय पळून जाणारा बैल आहे? पोरं कुठायत?"

"पोरं दुपारी येतील, आई," रादेन्को उठत म्हणाला. थोरला तो. त्रेचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कोटावर कायम लाकडाचा भुसा. "आधी आम्ही. आम्हीपण तुझी पोरंच की."

मिलोये दाराशीच उभा होता. टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत होता. आईच्या नजरेला नजर देत नव्हता. 

नाताळाच्या आधीचे तीन रविवार असे बांधाबांधीचे. पहिल्या रविवारी मोठ्यांनी पोरांना बांधायचं, दुसऱ्या रविवारी, म्हणजे मातेरित्सेला, पोरांनी आयांना, तिसऱ्या रविवारी बापांना. ज्याला बांधलं त्याने काहीतरी देऊन सुटायचं. हे कुणी सुरू केलं ते देवाला ठाऊक. पाद्री सांगतो, घर प्रेमाने एकत्र बांधलेलं राहावं म्हणून. म्हाताऱ्या म्हणतात, पाद्रीबाबा गावात यायच्याही आधीचं आहे हे. दोब्रिंका म्हणायची, आई एरवीही बांधलेलीच असते, या दिवशी दोरी दिसते एवढंच. बायका हसायच्या. ती हसायची नाही.

"बरं, काय देऊ सांगा," तिने रीतीप्रमाणे विचारलं. "अक्रोड घ्या, वड्या घ्या, आणि सोडा मला. घेवडा भट्टीत आहे, करपेल."

"अक्रोड नकोत, आई."

"मग? तुझ्या मापाचे पायमोजे नाही विणले मी. बायकोला सांग."

रादेन्को हसला नाही. "आज मातेरित्से आहे. आज आई नाही म्हणत नाही."

"कधी म्हटलंय? माग की."

"यावोर्काला जाऊ दे."

दोब्रिंका त्याच्याकडे बघतच राहिली.

यावोर्का तिची धाकटी. अकरा दिवसांपूर्वी, संत निकोलाच्या सणाला, अख्खा डोंगर चालून आली होती. दोन वर्षांची नेवेना शालीत गुंडाळून पाठीशी बांधलेली. डाव्या कानाची पाळी फाटलेली, कारण नवऱ्याने डूल धरून ओढलं होतं. रक्त मानेवर गोठलं होतं आणि ही बाई दाराशी उभी राहून म्हणते काय, तर "आई, बूट बाहेर काढू का, बर्फ लागलंय." आत्ता ती मागे गोठ्यात होती, गाय पिळत होती.

"ओब्राद गाडीत बसलाय, खाली वळणावर," रादेन्को भराभर बोलू लागला. पाठ करून आला होता हे उघड दिसत होतं. "त्याने पाद्र्यासमोर शपथ घेतलीय. परत हात उचलणार नाही म्हणून. सणासुदीला लेक माहेरी बसलीय, गाव बोलतंय. नाताळाला तिने तिच्या घरात असावं. तू अडवलंस म्हणून ती जात नाही. तू जा म्हण, ती जाईल."

"आणि त्यासाठी मला काथ्याने बांधलंत?"

"रीत आहे ना, आई."

"रीत!" दोब्रिंका एवढ्या जोरात ओरडली की चुलीवरचं झाकण वाजलं असं मिलोयेला वाटलं. "रीत म्हणे! मेल्या, पाच वर्षांचा असताना याच दोरीपायी तुला अक्रोड दिले मी, झग्याने नाक पुसून दिलं, तीच रीत आज माझ्या गळ्याशी लावतोस? बहिणीला द्या आणि सुटा, असं? ती काय वडी आहे परातीतली?"

"आई, हळू. खाली ऐकू जाईल."

"जाऊ दे! जावईबापूंना ऐकू जाऊ दे. आणि तू सांग, तुला काय देणार आहे तो? तुझी नोकरी त्याच्या लाकूडगिरणीत आहे म्हणून ना? खरं बोल."

रादेन्कोच्या मानेवर लाली चढली. "माझ्यापण घरात तीन पोरं आहेत. गिरणी सोडली तर या खोऱ्यात दुसरं काम कुठाय? तू दाखव."

"म्हणजे फळ्यांसाठी बहीण."

"तसं नाहीये!"

"तसंच आहे. लाज वाटते म्हणून ओरडतोयस."

त्याने हात झटकले, खिडकीशी गेला, परत आला. "हे बघ, सरळ सांगतो. तू हो म्हण, मी गाठ सोडतो. नाही म्हणालीस तर बस."

त्याला वाटलं होतं, ती घाबरेल. हयातभर ज्या बाईला दोन मिनिटं बसून जेवताना त्याने पाहिलं नव्हतं, तिला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. ती पाच मिनिटांत विनवण्या करेल. चुकलं त्याचं गणित. दोब्रिंकाने पाठ मागे टेकली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "बसते."

"आई..."

"बसते म्हटलं ना. नाताळापर्यंत बसते. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बसायला सांगितलंय."

थोड्या वेळाने भट्टीतून करपल्याचा वास यायला लागला. मिलोये धावला, उघड्या हाताने मडकं धरलं, बोटं पोळली, बोंबलला. "फडकं कुठाय आई?" "शोध." "चूल विझतेय, लाकडं?" "घरामागे. बुटांनी बर्फ आत आणू नकोस, पुसायला मी उठणार नाही." मिलोयेने लाकडं आणली ती ओली. घरभर धूर झाला. दोघे धट्टेकट्टे पुरुष डोळे चोळत उभे, आणि ती खुर्चीत ताठ बसून बघत होती. मजा वाटावी असं होतं, पण तिला मजा वाटत नव्हती. तिने हात काखेत दाबून धरले होते.

यावोर्का दुधाची बादली घेऊन आली ती या धुरात. मागून नेवेना तिचा झगा धरून. तिने भावांकडे पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं, निरगाठ पाहिली. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. खालच्या वळणावर भोंगा वाजला, तो आवाज तिला ओळखीचा होता.

तिने बादली खाली ठेवली.

"किती वेळ बांधून ठेवलंय तिला?"

"ती सुटत नाहीये!" रादेन्को म्हणाला. "एक शब्द बोलायचाय तिला, बस."

यावोर्का भिंतीकडे वळली. खुंटीवरून नेवेनाचा छोटा कोट काढला. खाली बसून पोरीच्या पायात बूट घालू लागली. आधी डावा. नेवेना विचारत होती, "कुठे जायचं?" आणि ती नाड्या बांधत होती.

"यावोर्का!" दोब्रिंकाने हाक मारली. "काय करतेस?"

"जाते, आई. सोडू देत तुला. या वयात तुला असं खुर्चीला..." तिने नाडी आवळली. "माझ्यापायी नको. शपथ घेतलीय ना त्याने. बघते."

आता खरी आग झाली दोब्रिंकाच्या अंगाची. मुलांमुळे झाली होती त्याहून मोठी. ती उठायला गेली, दोरीने पाय मागे खेचले, खुर्चीसकट पडायचीच ती, चुलीचा कठडा धरून सावरली.

"बस खाली! बस म्हणते! त्या दारातून गेलीस तर माझं तोंड बघू नकोस. माझ्यापायी म्हणे! माझं नाव घेऊन जायचं नाही तू त्या घरात!"

"मग काय करू मी?" यावोर्काही ओरडली. "सगळे म्हणतायत जा! तुझे मुलगे म्हणतायत, पाद्री म्हणतोय. तूच कधी गेली होतीस का माहेरी? बाबांनी काय कमी आरडाओरडा केला? तू राहिलीसच ना?"

 दोब्रिंकाने डावा हात पुढे केला. मनगटापासून बाहेर वळलेला हात. पंचवीस वर्षं त्या हाताने तिला भरलेली बादली उचलता आली नव्हती.

"हा कशाने मोडला?"

"शिडीवरून पडलीस," रादेन्को वैतागून म्हणाला. "आलुबुखार काढताना. आता ते कशाला?"

"आपल्याकडे तेव्हा शिडीच नव्हती," मिलोये म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पोळलेली बोटं न्याहाळत होता. "बाबांनी शिडी पुढच्या वर्षी आणली. मी पलंगाखाली होतो त्या दिवशी. शिडी नव्हती घरात." 

"तुमचा बाप तिहोमिर देवमाणूस," दोब्रिंका म्हणाली. "दरवर्षी त्याच्या नावाने पेला उचलता तुम्ही. उचला. मी कधी काही बोलले नाही, आज बोलते. आणि यावोर्का, मी गेले होते माहेरी. लग्नाला आठ महिने झाले होते. हा थोरला पोटात होता. नाताळाआधीच्या उपासातच गेले, पायी, तू आलीस तशीच."

"आणि?"

"आणि काय? आईने आत घेतलं. मक्याचा गरम घाटा दिला. ओले पायमोजे काढून स्वतःचे कोरडे घातले. केस विंचरले माझे, वेणी घातली. मला वाटलं, आले, आता सुटले. मग तिने डोक्याला रुमाल बांधला, माझा हात धरला आणि म्हणाली, चल. तीन तास चालवत आणलं मला परत, गुडघाभर बर्फातून. या घराच्या फाटकाशी उभी राहिली आणि तुझ्या बापाच्या हातात माझा हात दिला. रडत होती. सगळी वाट रडत होती. त्या रडण्याचं मी काय करू?"

नेवेना एका बुटावर उभी राहून आजीकडे बघत होती.

"दर मातेरित्सेला मी तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावते. त्या बर्फाला चाळीसच्या वर वर्षं झाली. सगळ्यांना वाटतं, दोब्रिंकाचा आईवर केवढा जीव! मी मेणबत्ती लावते आणि मनात म्हणते, का दिलंस मला? ती मेली तरी माझा राग गेला नाही. आजही नाही. हे बघ, पोरी, तू उद्या माझ्या थडग्यावर येशील. येऊ नकोस हवं तर. पण मी जाते तशी येऊ नकोस."

यावोर्का जमिनीवर बसली होती ती तशीच बसून राहिली. पोरीचा दुसरा बूट तिच्या हातात होता, तो तिने हळूच बाजूला ठेवला.

बाहेर पावलं वाजली. ओब्रादला गाडीत बसवेना म्हणून तो वर आला होता. दार न वाजवताच उघडलं. दांडगा, नीट दाढी केलेला माणूस, अंगाला साबणाचा वास, काखेत संत्र्यांची पेटी.

"मातेरित्सेच्या शुभेच्छा, सासूबाई!" तो मोठ्याने म्हणाला. मग दोरी पाहून हसला. "अजून बांधलेल्याच? अहो, द्या की काय मागतायत ते पोरं! एवढं काय चिकट व्हायचं?"

कुणी हसलं नाही. ओब्रादने पेटी टेबलावर ठेवली आणि यावोर्काकडे वळला. आवाज मऊ केला. "चल गं. पोरीला घे. गाडी गरम ठेवलीय."

"ती येत नाही," दोब्रिंका म्हणाली.

"मी तिच्याशी बोलतोय."

"मी येत नाही," यावोर्का म्हणाली. जमिनीवर बसूनच, हळू आवाजात, पण म्हणाली.

ओब्रादने मान तिरकी केली. "रादे," तो म्हणाला, यावोर्कावरून नजर न काढता, "तू म्हणाला होतास, सगळं ठरलंय."

रादेन्को चुलीशी उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. दोब्रिंकाला त्याची दया आली नाही. दया येण्याची ही वेळच नव्हती.

"रादेन्को," ती म्हणाली, "गाठ तुझी आहे. मातेरित्सेला सुटायला मी काहीतरी द्यायचं असतं ना? नाही देत. आज तू दे. मी तुला पोटात घेऊन तीन तास बर्फ तुडवला, त्याचं तू आज मला काहीतरी दे. त्याला बाहेर काढ."

"आई, मला तीन पोरं आहेत..."

"माहीत आहे मला. त्यांचे पायमोजे मीच विणलेत."

ओब्राद खाली वाकला आणि त्याने नेवेनाचा दंड धरला. जोरात नाही धरला. पण पोर किंचाळली, बाप जवळ आला एवढ्यानेच किंचाळली, आणि टेबलाखाली घुसायला धडपडू लागली. दोन वर्षांची पोर. तिला ही लपायची जागा कुणी शिकवली होती?

मिलोये एक पाऊल पुढे आला, पण त्याच्या आधी रादेन्को आला. त्याने ओब्रादचं मनगट धरलं. मारलं नाही, ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. लाकडं उचलणारा हात होता तो.

"सोड पोरीला."

"वेड लागलंय का तुला?"

"सोड, ओब्राद. आणि जा."

"उद्या गिरणीत पाऊल टाकलंस तर तंगड्या मोडीन."

"नाही टाकत."

"तुझ्या पोरांना खायला काय घालणार? हिचे अक्रोड?"

  रादेन्कोने दार उघडलं, थंडी आत आली, आणि तो मनगट न सोडता ओब्रादला उंबऱ्याबाहेर घेऊन गेला. मिलोयेने संत्र्यांची पेटी उचलली आणि मागोमाग नेऊन बर्फात ठेवली. अंगणात शिव्या ऐकू आल्या. ओब्रादच्या, सगळ्या घराण्याचा उद्धार करणाऱ्या. मग बऱ्याच वेळाने खालच्या वळणावर गाडी सुरू झाली, आणि तिचा आवाज उताराला लागून दूर गेला.

यावोर्का टेबलाखाली शिरून पोरीला पोटाशी धरून बसली होती. दोघींना बाहेर काढायची कुणी घाई केली नाही.

रादेन्को आत आला. कोटाची एक बाही खांद्याशी उसवली होती. तो आईच्या पायाशी बसला आणि गाठ सोडवू लागला. निरगाठ तिच्या धडपडीने आणखी आवळली होती, त्याची बोटं गारठली होती, नखं काथ्यात शिरत नव्हती.

"सुरी आणू?" मिलोयेने विचारलं.

"नको," दोब्रिंका म्हणाली. "ज्याने मारली त्याने सोडायची."

तो खाली मान घालून दोरीशी झगडत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. नाकातून पाणी काथ्यावर पडलं. "आई," तो म्हणाला, "आई, मी..."

दोब्रिंकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, तरी नाही ठेवला.

"रडू नकोस," ती म्हणाली. "माझी आईपण रडत होती. तू गाठ सोड."